बटणरावांचा टर्बो

मिस्त्रीचे साडू कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी दिवा बंद करीत. बाहेर उजेड आणि आत दिवा चालू, एवढं दिसलं की त्यांचा हात आपसूक भिंतीकडे जाई. मग ते घर स्वतःचं असो, मेव्हणीचं असो, नाहीतर दाताच्या डॉक्टरचा दवाखाना असो. दवाखान्यात तर एकदा त्यांनी चालू पंखा बंद केला होता, चार माणसं घाम पुसत बसलेली असताना, कारण पंख्याच्या बरोब्बर खालची खुर्ची रिकामी होती. नळ, शेगडी, रेडिओ, शेजाऱ्याच्या जिन्यातला बल्ब, जे चालू दिसेल ते बंद करायचं हे त्यांचं जन्माचं व्रत. लोक त्यांना बटणराव म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि बटणरावांना ती पदवी वाटे.

मिस्त्रीला मात्र हा माणूस म्हणजे डोक्याला ताप होता. मिस्त्रीचं रस्त्याकडेला पत्र्याचं गॅरेज. डिझेल गाड्यांचं काम. एक खड्डा, एक कॉम्प्रेसर, एक वेल्डिंगचं मशिन आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. गॅरेजात येऊन दुसऱ्या कुणी चालता कॉम्प्रेसर बंद केला असता तर त्याची धडगत नव्हती. पण बटणराव पडले थोरले साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना उलट बोलायची सोय नव्हती. टायरमध्ये हवा भरता भरता कॉम्प्रेसर गप्प झाला की मिस्त्री दात ओठ खात मागे वळून बघे आणि म्हणे, "या साडूबुवा, बसा."

बटणरावांच्या बायकोला सगळे ताई म्हणत, मिस्त्रीसुद्धा. ताईंची लॉन्ड्री होती. टेकडीवर एक मोठं हॉस्पिटल होतं, तिथल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे सगळे ताईंकडे धुवायला येत. संध्याकाळी मळके गठ्ठे खाली यायचे आणि सकाळी वॉर्डातल्या खाटा आवरायच्या आत धुतलेले, वाळलेले, इस्त्री केलेले वर पोचलेच पाहिजेत अशी अट. काम चांगलं होतं, बारमाही होतं, त्यावरच घर चाललं होतं. गाडं अडायचं ते वाटेत. बटणरावांचा टेम्पो इतका जुना होता की त्याचा मूळ रंग कोणता यावर नवरा-बायकोचं एकमत नव्हतं. सपाट रस्त्यावर बरा पळायचा. टेकडीचा चढ लागला की पहिल्या गियरमध्ये कण्हत कण्हत निघायचा, अर्ध्यावर त्याचं पाणी उकळायचं, मग वळणावर थांबवून तो निवेपर्यंत बसून राहायचं. हा सगळा वेळ धरून निघायचं म्हणजे अंधारातच निघावं लागे, आणि अंधारात निघायचं म्हणजे ताईंची इस्त्री त्याच्याही आधी उरकायला हवी. बरं, नुसती इस्त्री करून सुटका नाही. वर एकाने गाडीतून गठ्ठे द्यायचे आणि एकाने स्टोअरच्या दारात मोजून द्यायचे, म्हणून ताईंनाही रोज सोबत जावं लागे. जेवल्यावर जरा डोळा लागतो न लागतो तोच उठायची वेळ. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

एका पहाटे ताईंना उभ्याउभ्या झोप लागली आणि डावा हात इस्त्रीवर टेकला. कोपराखाली चांगला वीतभर पोळला. चादर जळाल्याच्या वासाने त्या जाग्या झाल्या, आणि आधी त्यांनी चादर बघितली.

मिस्त्रीची बायको ते बँडेज बघून आली ती सरळ गॅरेजात. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिने गाडीखालच्या नवऱ्याला सांगितलं, "ताईला रोज तासभर तरी जास्त झोप मिळेल असं काहीतरी करा. कसं करायचं ते मला कळत नाही. पण त्या टेम्पोचं तुम्हाला कळतं."

"दुसरा टेम्पो घ्या म्हणावं."

"त्यांच्याकडे असते पैसे तर तुमच्याकडे आले असते का मी?"

मिस्त्री गाडीखालीच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी बटणराव आले. आधी गॅरेजातला दिवा बंद केला, मग खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. पोत्यातून जे निघालं ते गोगलगाईसारखं वेटोळं घातलेलं, गंजलेलं, मातीने माखलेलं बिडाचं धूड होतं.

"टर्बो," बटणराव म्हणाले. "भंगारवाल्याकडून आणला. लोखंडाच्या भावाने, वजनावर."

"वजनावर," मिस्त्री म्हणाला.

"मग? त्याला काय कळतंय. आणि ऐका, याला खर्च काहीच नाही. गाडीचा जो धूर वाया जातो ना, त्याच्यावर चालतो हा. फुकट."

बटणराव टर्बोवर का भाळले ते मिस्त्रीच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांचं चूक होतं असंही नाही. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून जोराने बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त गेली की डिझेल नीट जळतं, ताकद वाढते. वाया जाणाऱ्या वस्तूवर चालणारं यंत्र बटणरावांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांचा चेहरा असा खुलला होता की जणू सोयरीक जुळवून आले आहेत.

"साडूबुवा, हे इंजिन त्यासाठी बनवलेलंच नाही," मिस्त्री म्हणाला. "ते साध्या श्वासावर चालतं. त्याच्या नरड्यात हवा कोंबली तर पिस्टन वितळतील, गॅस्केट उडेल. मग आहे तो टेम्पोही जायचा."

"थोडीशीच कोंबा."

"थोडीशी कोंबायलाही सामान लागतं. तेलाचे पाइप लागतात, जाड प्लेट लागते, रबरी नळ्या लागतात. तुमचा हा गोळा तर गंजून गेलाय."

असं म्हणून त्याने टर्बो नाकारायसाठीच हातात घेतला. आत बोट घालून दांडा हलवून पाहिला. दांडा लवमात्र डुगडुगला नाही. फुंकर मारली तर पंखा भिरभिरला. एकही पातं तुटलेलं नव्हतं. मिस्त्रीला सगळ्यात जास्त राग याचा आला की माल चांगला निघाला. नाही म्हणायची शेवटची वाटही बंद झाली.

"ताईंच्या हाताचं कसं आहे?" त्याने विचारलं.

"सुकतोय," बटणराव म्हणाले. "झोप नाही हो तिला. काल जेवताना घास हातात घेऊन झोपली."

पुढचे काही दिवस मिस्त्रीने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. बटणराव रोज सकाळचं काम उरकून गॅरेजात हजर. मिस्त्रीने काहीही मागितलं की त्यांचा एकच प्रश्न, नवं कशाला. धुराच्या नळीला टर्बो जोडायला जाड लोखंडी प्लेट हवी होती, ती त्यांनी लॉन्ड्रीतल्या मोडक्या मशिनच्या पायातून कापून आणली. तिथवर ठीक. टर्बोतून उतरलेलं तेल परत इंजिनाच्या तळाशी नेणारा पाइप हवा होता, तर त्यांनी कपडे धुवायच्या मशिनचं पाणी सोडायचा प्लास्टिकचा पाइप आणला, छान पुसून, गुंडाळी करून. मिस्त्रीने शांतपणे समजावलं की तेल उकळतं असतं, हा पाइप एका दिवसात विरघळेल. बटणरावांनी विचारलं, "एक दिवस तरी जाईल ना?" मिस्त्री उठला, हात पुसले, दुकानात गेला आणि स्वतः पाइप घेऊन आला. बोलण्यात जेवढा वेळ गेला असता त्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

वेल्डिंगच्या वेळी तर कहर झाला. इंजिनाचा तळ काढून त्याला तेल परत येण्यासाठी भोक पाडायचं आणि तिथे नळी वेल्ड करायची, असं नाजूक काम होतं. मिस्त्री जरा टाका मारी, तोंडावरचा मुखवटा वर करून बघे, परत खाली करी. मुखवटा वर गेला की बटणराव मागच्या मागे मशिन बंद करत. मिस्त्री परत टाका मारायला जाई तर ठिणगीच नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साडूबुवा, तुम्ही कोपऱ्यावर चहा घेऊन या."

"चहा मी घरीच पितो."

"मग घरी जाऊन घेऊन या."

बटणराव गेले. जाताना दिवा बंद करून गेले, आणि मिस्त्री मुखवटा घालून अंधारात बसला.

शेवटी टर्बो बसला. मिस्त्रीने डिझेलचा पंप अगदी चिमूटभरच वाढवला, त्यापुढे हात लावला नाही, आणि बटणरावांना समोर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आता एक गोष्ट ऐका. चढ चढून गेल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो आणि आतला दांडा भन्नाट फिरत असतो. त्याला तेल लागतं. इंजिन बंद केलं की तेल बंद, मग आहे तेवढं तेल तिथेच करपतं. म्हणून दोन-तीन मिनिटं गाडी जागेवर उभी करून नुसती चालू ठेवायची, निवू द्यायची. मग बंद. कळलं?"

"कळलं," बटणराव म्हणाले.

मिस्त्रीने तेव्हाच ओळखायला हवं होतं. जो माणूस एकेका वॉशरसाठी वाद घालतो तो इतकी मोठी गोष्ट मुकाट्याने कबूल करतो म्हणजे ती त्याच्या डोक्यात शिरलेलीच नाही. पण मिस्त्री थकला होता. त्याला हा टेम्पो दारातून जायला हवा होता.

टेम्पो गेला आणि काय सांगावं, चढ तिसऱ्या गियरमध्ये चढला. भरलेल्या गाडीने कुठेही न थांबता. पाणी उकळलं नाही. चढावर बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येई, तो ऐकून बटणराव खूश होत, कारण ती फुकटची शीळ होती. ताई तासभर उशिरा उठू लागल्या, मग हळूहळू त्याहून थोडं जास्त. मिस्त्रीच्या बायकोने त्याला जेवताना न मागता वाढलं. चहाच्या टपरीवर मिस्त्री ही गोष्ट आपण होऊन सांगू लागला, आणि सांगताना टर्बो भंगारात कोणी शोधला ते गाळू लागला.

हे सुख दीड-दोन महिने टिकलं.

एका सकाळी रस्त्याच्या टोकाला निळा धूर दिसला. आधी धूर आला, मग त्यातून टेम्पो आला. शिळेच्या जागी आता पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज होता. मिस्त्रीने काही न विचारता टर्बो उतरवला, उघडला आणि त्यात बघत राहिला. दांडा हलेना. आतल्या तेलाचा जळून काळा कोळसा झाला होता, पातेल्याच्या बुडाला दूध करपून बसतं तसं.

"साडूबुवा," मिस्त्री अगदी हळू आवाजात म्हणाला, "हॉस्पिटलला पोचल्यावर गाडी किती वेळ चालू ठेवता?"

"पोचल्यावर कशाला चालू ठेवायची? फाटकातच बंद करतो. तिथून स्टोअरच्या दारापर्यंत उतार आहे, गाडी आपसूक घरंगळत जाते." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. "रोजचं तेवढंच डिझेल वाचतं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, ते तुम्ही सगळ्यांनाच सांगत असाल."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. मग त्याच्या मनात एक शंका आली, आणि ती विचारली नसती तर बरं झालं असतं.

"आणि खाली येताना?"

"येताना तर सगळा उतारच. येताना इंजिनाचं काय काम?"

मिस्त्री शेजारच्या टायरवर बसला. इंजिन बंद असलं की त्या टेम्पोचा ब्रेक लाकडासारखा घट्ट होतो, दोन-तीनदा दाबला की पुढे पायाला दाद देत नाही. टेकडीच्या त्या सगळ्या वळणांवरून हा माणूस इतकी वर्षं बंद गाडी सोडून देत होता, आणि शेजारी ताई बसलेल्या असत. मग साडूपणाची सगळी भीड बाजूला सारून मिस्त्री ओरडला.

"तुम्हाला अक्कल आहे का हो? चमचाभर डिझेलपायी ताईंचा जीव घ्याल एक दिवस. दिवे बंद करा, पंखे बंद करा, माझं मशिन बंद करा, सगळं सहन केलं मी. पण बायको शेजारी बसवून उतारावर इंजिन बंद करता? आणि वर सांगता मला, डिझेल वाचतं म्हणून?"

रस्त्यावरची माणसं बघू लागली. बटणरावांनी तो अडकलेला दांडा उचलला, खिशातल्या रुमालाने पुसला, फिरवून पाहिला. तो फिरला नाही.

"म्हणजे तिची झोप गेली परत," ते म्हणाले.

मिस्त्रीला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. ते सगळं राहूनच गेलं, आणि त्याचाही त्याला राग आला. या माणसावर धड रागावताही येत नाही.

टर्बो काढून टेम्पो पहिल्यासारखा करून दिला. पुन्हा तोच पहिला गियर, तेच उकळणारं पाणी, आणि ताई पुन्हा मध्यरात्रीनंतर इस्त्रीपाशी. घरी मिस्त्रीच्या बायकोने अबोला धरला. बटणरावांशी नव्हे, मिस्त्रीशी. चूक साडूंची आणि जेवण मुक्याने मिस्त्रीने गिळायचं. त्याने एकदा तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "दाजी तसेच आहेत हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तसं ओळखून बसवायचा होता."

यातलं कडू हे होतं की तिचं बरोबर होतं. मिस्त्रीने शहाण्या माणसासाठी टर्बो बसवला होता. तो बसवायचा होता बटणरावांसाठी.

मग तो इरेला पेटला. जुन्या बाजारात हिंडून त्याने टर्बोच्या आतला दांडा आणि बेअरिंगं मिळवली, स्वतःच्या खिशातून, बायकोला न सांगता आणि साडूंना तर मुळीच न सांगता. टर्बो पुन्हा बसवला. आणि या वेळी एक जास्तीचं काम केलं. त्या जुन्या टेम्पोचं इंजिन किल्लीने बंद होत नसे, चालकाच्या गुडघ्यापाशी एक मूठ होती, ती ओढली की बंद होई. मिस्त्रीने ती मूठच काढली. लांब वायर घालून ती टेम्पोच्या मागच्या हौद्यात नेली, अगदी आतल्या भिंतीवर, गठ्ठ्यांच्या मागे. सगळे गठ्ठे उतरवून हौदा रिकामा झाल्याशिवाय मुठीपर्यंत हात पोचणारच नाही. तोवर टर्बो निवतो. उतारावर गाडी सोडून इंजिन बंद करायचंही नाव नाही, कारण मूठ मागे आणि बटणराव पुढे.

बटणरावांनी ती व्यवस्था बघितली, आणि सासरी पाणउतारा झाल्यासारखं तोंड केलं. "आता मी माझी गाडी बंद करायची नाही?"

"करायची. मागे जाऊन करायची."

मिस्त्री त्या दिवशी स्वतःवर फार खूश होता. रात्री बायको आपण होऊन त्याच्याशी बोलली.

आठवडाही गेला नाही तोच ती म्हणाली, "ताई विचारत होती, गाडीला काही झालंय का. हॉस्पिटलच्या फाटकात रोज एकदम जोराचा हिसका बसतो आणि बंद पडते. दात आपटतात म्हणाली."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. हिसका कसला ते त्याला लगेच कळलं. गाडी गियरमध्ये ठेवायची, ब्रेकवर पाय दाबायचा आणि क्लच सोडून द्यायचा. इंजिन गुदमरून गप्प. मूठ मागे असो नाहीतर चंद्रावर असो. बटणरावांनी वाट काढली होती.

आता मात्र मिस्त्रीने हात टेकले. टर्बो उतरवून भंगारवाल्याला वजनावर परत द्यावा असं त्याच्या मनात आलं. मग ताईंचा हात आठवला. शेवटी तो बायकोला म्हणाला, "उद्या पहाटे मीच जातो त्यांच्याबरोबर. बघतो कसे बंद करतात."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास तिघं पुढे बसले. बटणराव चाकावर, मध्ये मिस्त्री गियरच्या दांड्याला खेटून, दारापाशी ताई. मागे हौद्यात गठ्ठे खच्चून भरलेले. ताई म्हणाल्या, "उगीच आलात हो, झोपेचं खोबरं करून," आणि मिस्त्रीला ओशाळल्यासारखं झालं, कारण त्यांच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि पोळल्याच्या जागी कातडी अजून गुलाबी, चकचकीत होती. चढ लागला. शीळ सुरू झाली. मिस्त्री कान देऊन ऐकत होता. आवाज स्वच्छ होता. या आठवड्याभराच्या हिसक्यांनी टर्बोचं अजून वाकडं झालं नव्हतं. ताई काही बोलत होत्या, झग्यांच्या नाड्यांबद्दल, मग त्यांचं बोलणं थांबलं.

हॉस्पिटलचं फाटक आलं. बटणरावांच्या मांडीतला स्नायू ताठरला तो मिस्त्रीला शेजारी बसल्या बसल्या कळला. त्याने गियरच्या दांड्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात दाबला आणि दांडा न्यूट्रलला आणला.

"पाय सोडा," तो हळूच म्हणाला. "हळूहळू जाऊ द्या दारापर्यंत. हं. आता ब्रेक. आता दोन्ही हात मांडीवर."

टेम्पो स्टोअरच्या दाराशी उभा राहिला, इंजिन चालू. बटणराव हात मांडीखाली घेऊन बसले. शेजारच्या घरात नळ वाहतोय आणि दाराला कुलूप आहे अशी त्यांच्या तोंडावरची कळा होती. मिस्त्रीला ते बघून, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या वैतागाचं थोडं तरी वसूल झालं.

"चला, गठ्ठे उतरवू," तो म्हणाला.

मिस्त्री बटणरावांच्या बाजूनेच खाली उतरला. तो हौद्यातून गठ्ठे देऊ लागला, बटणराव दारात मोजून देऊ लागले. स्टोअरच्या बाईंनी विचारलं, "आज ताई नाहीत?" तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं की ताई उतरलेल्याच नाहीत. कामाच्या घाईत कुणी पुढे जाऊन पाहिलं नाही. गठ्ठे संपले. हौदा रिकामा झाला, आतल्या भिंतीवरची मूठ दिसू लागली.

"बघा, एवढंच करायचं असतं," मिस्त्री म्हणाला. "निवला टर्बो. आता करा बंद खुशाल."

बटणराव आले नाहीत. मिस्त्रीने वाकून बघितलं तर ते पुढच्या दाराच्या काचेशी उभे होते. तो उडी मारून खाली आला आणि त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. आत ताई झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, पोळलेला हात मांडीवर उताणा. इंजिनाच्या थरथरीबरोबर त्यांची मान बारीक हलत होती. नुसती डुलकी नव्हती. गाढ झोप होती.

"दमल्यात," मिस्त्री कुजबुजला. "जाऊ आता खाली. बंद करून त्यांना उठवा, नाहीतर उतारावर डोकं काचेवर आपटेल. मी चालवतो."

बटणराव काचेतून बघतच राहिले. मग म्हणाले, "ही रोज इथेच जागी व्हायची. फाटकात. मी इंजिन बंद केलं की दचकून डोळे उघडायची. मला वाटायचं, पोचलो म्हणून उठते."

फाटकावरचा राखणदार आला. म्हणाला, गाडी बंद करा, आवाज होतोय, इथे थांबायचं तर इंजिन बंद पाहिजे. आयुष्यभर हे वाक्य बटणरावांनी जगाला ऐकवलं होतं. त्यांनी राखणदाराला हाताने थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "थोडा वेळ. माणूस झोपलंय आत." राखणदाराने काचेतून पाहिलं आणि तो परत गेला.

ऊन फाटकाच्या खांबावरून खाली उतरलं. वॉर्डात चादरी घेऊन जाणाऱ्या ढकलगाड्या ये-जा करू लागल्या. टेम्पो तिथेच उभा, धडधडत. मिस्त्रीची चुळबुळ सुरू झाली. गॅरेज उघडायचं होतं, गिऱ्हाईक येऊन उभं असणार. आणि दुसरं एक गणित त्याच्या डोक्यातून जाईना, ते शेवटी तोंडावाटे बाहेर पडलंच.

"अहो साडूबुवा, टर्बोला दोन-तीन मिनिटं पुरतात. एवढा वेळ नाही लागत. फुकटचं डिझेल जळतंय."

बटणरावांनी काचेवरची नजर काढली नाही.

"जळू द्या," ते म्हणाले.